टिचकीमामांचा काटा

टिचकी मारल्याशिवाय टिचकीमामांना कशाचीच खात्री पटत नसे. भिंतीवरचं घड्याळ, पाण्याची टाकी, पिठाचा डबा, दुकानातून नुकती आणलेली चप्पल, सगळ्यांना त्यांच्या मधल्या बोटाचं नख एकदा तरी लागलेलं असे. एकदा बहिणीच्या घरी आलेल्या पाहुण्याच्या तुळतुळीत टकलाकडे ते अशा नजरेने बघायला लागले की बहिणीने त्यांना घाईघाईने स्वयंपाकघरात हाक मारली.

ही खोड नोकरीतून आलेली. मामांची सारी उमर एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात गेली. रक्तदाब मोजायची यंत्रं, ऑक्सिजनच्या नळकांड्यांवरचे गोल मीटर, शस्त्रक्रियेची हत्यारं वाफवायच्या भट्टीवरचे काटे, म्हणजे जे जे दाब दाखवतं आणि दाखवताना चुकतं ते सगळं जिना उतरून त्यांच्या टेबलावर येई. काटा अडकला असेल तर काचेवर हलकी टिचकी मारायची, की तो सुटतो आणि आपल्या खऱ्या जागी जाऊन बसतो. वरच्या मजल्यांवर डॉक्टर कोण आले नि कोण गेले याचा मामांना पत्ता नसे, पण कुठल्या वॉर्डातला कुठला काटा आळशी आहे हे त्यांना तोंडपाठ होतं.

निवृत्त झाले तेव्हा रुग्णालयाने त्यांना शाल नाही, घड्याळ नाही, त्यांचाच जुना तपासणीचा पंप देऊन टाकला. हाताने दाबायचा लहानसा पंप आणि त्यावर बसवलेला एक पितळी मीटर. या मीटरला मामा ‘अस्सल’ म्हणत. जगातला कुठलाही काटा अस्सलशेजारी लावायचा, पंप दाबायचा, दोन्ही काटे जोडीने चढले तर ठीक, नाहीतर त्या काट्याची खैर नाही. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मूलबाळ नव्हतं. अस्सलला काखोटीला मारून मामा थोरल्या बहिणीकडे राहायला आले.

बहिणीने थोडे दिवस सोसलं. मग एका सकाळी तिने हात टेकले. “तू माझ्या फ्रिजला टिचक्या मारायच्या बंद कर, नाहीतर मी तुला मारीन. पोरीच्या गॅरेजात जाऊन बस. तिथे सगळं लोखंडच आहे. पण लुडबुड करू नकोस हं. तिचं काम जोखमीचं असतं.”

पोरगी म्हणजे मामांची भाची. तिचं गॅरेज एका लांबट गल्लीच्या टोकाला, टायरवाल्याच्या पलीकडे. साध्या गाड्या तिथे फारशा येत नसत. आपली गाडी कंपनीने दिली त्याहून जोरात पळावी असं ज्यांना वाटतं, ती सगळी मंडळी भाचीकडे येत. तिने मामांना खिडकीखालचं टेबल रिकामं करून दिलं, वर दिवा लावून दिला आणि म्हणाली, “मामा, हे तुमचं.” मामांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी टेबलाला टिचकी मारली.

गॅरेजात तिसरा माणूस होता तो वायरिंगवाला. त्याला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो जरा काही झालं की उडायचा. मनाने मात्र लोणी. मामांना त्याने पहिल्याच दिवशी आपलं स्टूल दिलं आणि स्वतः टायरवर बसायला लागला.

मामा आपले नसते प्रश्न घेऊन गॅरेजभर फिरत. पान्यांवरचे आकडे असे विचित्र का? तेल काळं होतं म्हणजे त्यात नेमकं काय होतं? दाराशी कापलेल्या तेलाच्या डब्यात एक झाड लावलं होतं, त्याची पानं पिवळी का पडतात आणि डब्याला मुंग्यांची रांग का लागते? या शेवटच्या प्रश्नाचा तर त्यांच्या डोक्याला भुंगाच लागला होता. त्यांनी माती बदलली, डबा धुतला, टॉर्च घेऊन मुंग्यांची रांग टायरांच्या मागे भिंतीपर्यंत शोधून काढली. मुंग्या येतात कुठून ते कळलं, पण झाडाकडे का येतात ते कळेना. दुपारचा चहा गॅरेजात मामाच करत, दाट आणि चांगला गोड. भाची आपला कप घेऊन दाराशी जाई आणि गल्लीकडे तोंड करून उभ्यानेच संपवी. कप रिकामा झाला की मामा तिच्या पायाशी येऊन उकिडवे बसत, मुंग्या बघत आणि म्हणत, “काहीतरी आहे बघ इथे.”

“असेल, मामा,” भाची म्हणे.

गॅरेजच्या मधोमध एक बुटकी, दोन माणसांची, रुंद बुडाची गाडी उभी होती. ती मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. भाचीने ती अपघातात चेपलेली, भंगारात निघालेली अशी घेतली होती आणि फुरसत मिळेल तशी उभी केली होती. इंजिन नवीन बांधलं, मूळचा टर्बो काढून मोठा घातला, म्हणजे आत जास्त हवा कोंबणारा. गावाबाहेरच्या घाटात रविवारी चढणीची शर्यत होती. एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध वर जायचं. भाची स्वतः चालवणार होती. तिच्या हातचं इंजिन वरपर्यंत टिकतं की वाटेत राम म्हणतं, हे तिथे सगळ्यांना दिसणार होतं, आणि एका बाजूला डोंगर नि दुसऱ्या बाजूला दरी अशा रस्त्यावर भर वेगात इंजिन फुटणं म्हणजे काय, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

मामांनी एकदा बॉनेटखाली डोकं घातलं आणि विचारलं, “हा स्क्रू कसला गं?”

“पेट्रोलच्या दाबाचा, मामा.”

दाब! मामांनी चष्मा पुसला आणि स्टूल ओढून घेतलं. फ्यूजने कपाळाला हात लावला, कारण आता तासाभराची निश्चिंती झाली हे त्याला कळलं.

भाची न कंटाळता सांगायची, हे तिचं विशेष. “हे इंजेक्टर. पेट्रोलच्या पिचकाऱ्याच म्हणा. किती वेळ उघडायच्या ते कॉम्प्युटर ठरवतो. पण त्याने मनात धरलेलं असतं की मागे तीन बार दाब आहे. दाब कमी असला तर पिचकारी तेवढाच वेळ उघडते आणि पेट्रोल मात्र कमी पडतं.”

“मग?”

“मग हवा जास्त, पेट्रोल कमी. आतला जाळ भलताच तापतो. साध्या गाडीत चालून जातं. इथे टर्बो जोर लावत असतो, सरळ पिस्टनला भोक पडतं.”

“आणि ही बारीक नळी?”

“ती रेग्युलेटरला, म्हणजे पेट्रोलचा दाब राखणाऱ्या या डबीला, हवेचा निरोप देते. दाब लावताना ती काढून ठेवायची, तिचं तोंड बंद करायचं आणि मगच स्क्रू फिरवून काटा तीनवर आणायचा. पुष्कळ जण नळी न काढता लावतात आणि फसतात.”

“फसतात का?”

“गाडी नुसती सुरू असते तेव्हा इंजिन हवा ओढत असतं. नळी लावलेली असली की ते रेग्युलेटरलाही ओढतं, आणि काटा अडीचच्या आसपास दिसतो. माणसाला वाटतं दाब कमी आहे, तो स्क्रू आवळतो. नळी काढली की आजूबाजूच्या साध्या हवेशी तुलना होते. तो खरा तीन. मग नळी परत लावायची. टर्बोने एक बार हवा कोंबली की पेट्रोल आपोआप चारवर जातं.”

मामांनी हवेतल्या हवेत नळी काढून आणि लावून बघितली. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे हवा मागे सरली की पेट्रोल मागे, हवा पुढे आली की पेट्रोल पुढे. फरक कायम तीनच!”

“फरक कायम तीनच.”

“वा! काय डोकं लावलंय गं कुणीतरी!” असं म्हणून मामांनी रेग्युलेटरला टिचकी मारली. घरी जाऊन जेवताना त्यांनी हे सगळं बहिणीला समजावलं. वाटीला हवा केलं, चमच्याला पेट्रोल केलं. बहीण “बरं” म्हणाली आणि तिने चमचा परत मागितला.

आता या दाबाचा जो मीटर गाडीत होता, त्याचा काटा इंजिन सुरू झालं की लटपटायचा. कोरडा मीटर होता तो. अशा ठिकाणी आत ग्लिसरीन भरलेला मीटर लावतात, म्हणजे काटा त्या दाट द्रवात डुंबून शांत राहतो. भाचीकडे तसला एक जुना मीटर पडून होता, अर्धा रिकामा झालेला, काच धुरकट, वरचं रबरी बूच फाटकं. मामांनी तो उचलला. “हा मी करून देतो.”

हे काम मामांनी असं केलं की बघत राहावं. मीटर खोलला, एकेक भाग धुतला, काच चकचकीत केली. ग्लिसरीन थंड असलं की मधासारखं सावकाश ओघळतं आणि बुडबुडे धरून ठेवतं, म्हणून त्यांनी ते गरम पाण्यात ठेवून तापवलं, मीटरही तापवला, आणि मग ते इतकं अलगद ओतलं की एक बुडबुडा राहिला नाही. वरती थोडी जागा सोडली. जुन्या बुचाला टोकाशी कापल्यासारखी चीर होती. हा कुणाचा गलथानपणा म्हणून मामा चिडले. ज्या तळघरात त्यांची उमर गेली तिथे गळकी गोष्ट म्हणजे पाप होतं. त्यांनी नवीन अखंड बूच बसवलं आणि त्याभोवती गोंद फिरवला. मीटर हाताला चटका देत होता तोवरच तो अस्सलशेजारी लावला. दोन्ही काटे जुळ्या भावंडांसारखे चढले आणि उतरले. मामांनी कपड्यात धरून तो भाचीच्या हातात ठेवला. “घे. माझ्याकडून तुझ्या गाडीला.”

भाचीलाही धीर कुठला! तिने तो तिथल्या तिथे गाडीला बसवून टाकला. तेव्हापासून फ्यूज त्याला ‘मामांचा काटा’ म्हणायला लागला, आणि मामा दिवसातून दहा वेळा बॉनेटखाली डोकावून यायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हवेत गारठा असताना, भाचीने बारीक नळी काढली, तिचं तोंड बंद केलं आणि स्क्रू फिरवून काटा तीनवर आणला. एक केस इकडे नाही की तिकडे नाही. नळी परत लावली, गाडी रस्त्यावर काढली, बऱ्याच वेळाने तापवून आणली. पुन्हा नळी काढून बघितलं तर काटा दोन पूर्णांक सातवर.

“पडतोय,” भाची म्हणाली.

तिथून सगळ्यांच्या मागे हे लचांड लागलं. सकाळी थंड गाडीत बरोबर तीन, गाडी तापली की दोन पूर्णांक सात. शिवाय जोर लावला की इंजिनातून पुसटशी टकटक यायची, आणि स्पार्क प्लग काढून बघावेत तर त्यांची टोकं पांढरीफटक. पेट्रोल कमी पडतंय याची ती चोख खूण. भाची म्हणाली, गरम झाल्यावर पेट्रोलच्या पंपाचा दम जात असेल. नवा पंप घातला. सकाळी तीन, तापल्यावर दोन पूर्णांक सात. फिल्टर बदलला. तेच. फ्यूजला वाटलं, पंपाला वीज कमी पोचते. त्याने स्वतःच्याच वायरिंगला शिव्या देत जाड वायर टाकली. तेच.

“तापल्यावरच स्क्रू आवळून तीन करून टाक ना,” फ्यूज म्हणाला.

“आणि का पडतोय ते? जे काही दमतंय ते घाटात आणखी दमेल. मग मला कळणार कसं? कारण सापडल्याशिवाय मी स्क्रूला हात लावणार नाही.”

मामांना हे बोलणं फार आवडलं. ते सारखे बॉनेटपाशी उभे. काचेला टिचकी मारून म्हणत, “सांग रे बाबा, काय होतंय?” काटा ढिम्म हलत नसे. मामा त्याच्याकडे कौतुकाने बघत. बाकी सगळे दमत होते, पण त्यांचा काटा इमानाने जे आहे ते दाखवत होता असं त्यांना वाटत होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी भाची नवा रेग्युलेटर आणायला गेली. तेवढंच बदलायचं राहिलं होतं. शटर अर्धं ओढलेलं, गाडी सकाळपासून थंड उभी, आणि मामा नि फ्यूज दोघेच. मामा बोटांवर मोजायला लागले.

“पंप झाला. फिल्टर झाला. तुझी वायर झाली. रेग्युलेटर आता येतोय. समजा त्यानेही भागलं नाही, तर मग काय उरलं?”

फ्यूज वायर सोलत होता. त्याने मामांकडे पाहिलं, मग बॉनेटकडे पाहिलं, आणि पटकन मान खाली घातली. “काही नाही, मामा.”

एरवी कुठल्याही गोष्टीवर दहा मिनिटं भांडणारा हा माणूस दोन शब्दांत गप्प बसला. मामांनी आयुष्यभर काटे वाचले होते, माणसं फारशी नाही. पण ही मान खाली गेलेली त्यांना नीट वाचता आली.

ते उठले. पाना घेतला, पेट्रोलची नळी सांभाळून मोकळी केली आणि मीटर गाडीवरून उतरवला. पुसून कोरडा केला. खिडकीखाली आपल्या टेबलावर, दिव्याखाली आणून ठेवला. आता त्या मीटरला ना पंप, ना नळी, ना पेट्रोल. आणि काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या पुढे, तीन बारीक रेघा चढून, म्हणजे शून्य पूर्णांक तीनवर, निवांत उभा होता.

गाडीवर असताना हे कुणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं, कारण गाडी बंद केली तरी नळीत थोडा दाब राहतोच. पण आता? मामांनी टिचकी मारली. हलला नाही. पुन्हा मारली. हलला नाही. म्हणजे अडकलेला नव्हता. कशालाही न जोडलेला काटा दाब दाखवत होता!

खरं तर मामांना या क्षणी रडू यायला हवं होतं. पण त्यांचा स्वभावच असा की आधी नवल वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “अरे, हे बघ तरी!” फ्यूज जवळ आला. मामांनी चहाचं आधण ठेवायच्या भांड्यात पाणी तापवलं आणि मीटर त्यात धरला. काटा हळूहळू मागे सरकायला लागला. दोन रेघा. एक रेघ. शून्य. मग त्यांनी तो नळाच्या गार पाण्याखाली धरला. काटा पुन्हा चढला. तापवला की खाली, गार केला की वर. मामांनी हा खेळ इतक्या वेळा केला की फ्यूज शेवटी म्हणाला, “मामा, पुरे. मला चक्कर येतेय.”

“बाहेरची हवा रे!” मामा ओरडले. “काटा तुलनेने दाब दाखवतो. पेट्रोलचा दाब एकीकडे आणि मीटरच्या पोटातली हवा दुसरीकडे. मी गरम ग्लिसरीन भरलं आणि वर बूच ठोकलं. गार झाल्यावर ते आकसलं. पोटातली हवा विरळ झाली. मग काटा पुढे जाणारच! तिने मला नळीचं सांगितलं तेच हे. तिने नळी काढली, आणि मी…” मामांनी मीटर टेबलावर ठेवला. “मी बूच लावलं.”

आता त्यांना सगळं लख्ख दिसलं. तापलेल्या गाडीत मीटर खरं बोलत होता, कारण भरताना तो तेवढाच तापलेला होता. खोटं बोलत होता तो सकाळी. दाब पडत नव्हताच. पहिल्यापासून तो दोन पूर्णांक सात होता, आणि थंड सकाळी सगळ्यांनी त्याला तीन म्हणून डोक्यावर घेतलं होतं. पंपाला दम लागला नव्हता, फ्यूजच्या वायरीत खोट नव्हती. बुचाला कापलेली ती चीर कुणाचा गलथानपणा नव्हता. मीटरने श्वास घ्यावा म्हणून कुणा शहाण्याने ती मुद्दाम ठेवली होती. रुग्णालयातले काटे सगळे कोरडे. ग्लिसरीनचा मीटर मामांनी जन्मात पहिल्यांदा भरला होता, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. भाचीसाठी काहीतरी करायच्या आनंदात त्यांना स्वतःलाही ते आठवलं नव्हतं.

रेग्युलेटरचा खोका घेऊन भाची शटरखालून वाकून आत आली आणि मामांच्या टेबलावरचा मीटर बघून जागच्या जागी थांबली.

“पोरी, इकडे ये,” मामा म्हणाले. “हा काटा खोटा आहे. माझा काटा. बघ.” त्यांनी बुचाभोवतीचा गोंद सुरीने कापला आणि बूच उचकटलं. बारीकसा आवाज झाला, मीटरने हवा आत ओढली, आणि काटा टुणकन शून्यावर येऊन बसला.

मामा तिच्या तोंडाकडे बघत होते. ती दचकेल, चिडेल, निदान डोळे तरी मोठे करेल असं त्यांना वाटलं होतं. भाची खाली बघत उभी राहिली. मग तिने आपल्या टेबलाचा खण उघडला, मागे हात घातला आणि एक खोका बाहेर काढला. त्यात नवा कोरा मीटर होता. वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

“हा कधी आणलास?”

“पंप आणला तेव्हाच.”

“तेव्हाच? म्हणजे तुला संशय होता?”

“यालाही होता,” भाची फ्यूजकडे न बघता म्हणाली. फ्यूज एकदम वायरीच्या गुंडाळ्यात काहीतरी शोधायला लागला.

“मग लावला का नाहीस? निदान माझ्या अस्सलशेजारी तरी लावून बघायचं!”

“अस्सल तुमच्या टेबलावर असतो, मामा. तुम्ही विचारलं असतं कशाला हवा म्हणून. तुम्ही किती हौसेने करून दिला होता… तो काढून दुसरा लावणं मला नाही जमलं. म्हटलं, आधी बाकीचं सगळं बघून घेऊ.”

“आणि बाकीच्यात काहीच सापडलं नसतं तर?”

भाची खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उचकटायला लागली.

“उद्या तशीच गेली असतीस?”

ती चिकटपट्टीच उचकटत राहिली, आणि मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. टिचकीमामांना रागावलेलं त्या गॅरेजात कुणी पाहिलं नव्हतं. ते उठून उभे राहिले, हातातलं बूच त्यांनी टेबलावर आपटलं. “अगं, मी काय काचेचा आहे? माझा मान राखायला तू घाटात जाऊन इंजिन फोडणार होतीस? तुला काही झालं असतं तर मी तुझ्या आईला काय सांगणार होतो, की पोरीने माझं मन मोडलं नाही? तुम्ही दोघं मूग गिळून बसलात आणि मी वेड्यासारखा रोज त्या काट्याचं कौतुक करत बसलो!”

भाचीचे डोळे भरले होते. फ्यूजने नाक शिंकरलं आणि सर्दीवर ढकललं.

“चुकलं, मामा,” भाची म्हणाली.

“माझंही चुकलं. पण माझं मला कळलं असतं ना, कुणी सांगितलं असतं तर.” मामांनी चष्मा पुसला. “आण तो नवा. दोन्ही अस्सलशेजारी लावू. आणि नळी काढायला विसरू नकोस.”

नवा रेग्युलेटर खोक्यातच राहिला. त्यांनी तिघांनी मिळून दोन्ही मीटर तपासले. बूच काढल्यावर मामांचा काटाही गारेगार असताना अस्सलच्या बरोबरीने चालत होता. पण मामांनी हट्टाने नवाच मीटर गाडीला लावला, स्वतःच्या हाताने. भाचीने बारीक नळी काढली, तोंड बंद केलं, स्क्रू फिरवला. तीन. गाडी तापवून आणली. तीन. नळी लावल्यावर अडीचहून थोडा कमी, टर्बोने जोर केल्यावर चार. टकटक गेली. मामांनी स्वतः प्लग काढले आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरले. टोकांवर फिकट तपकिरी रंग चढायला लागला होता, बिस्किटासारखा. त्यांचा जीव भांड्यात पडला.

रविवारी घाटात भाचीचा नंबर मधेच कुठेतरी आला. तिच्यापेक्षा मोठ्या इंजिनांच्या गाड्या पुष्कळ होत्या. पण दोन गाड्या वाटेत धूर काढून उभ्या राहिल्या, आणि तिची मात्र एका सुरात गुरगुरत वरपर्यंत गेली. मामा खाली वळणाशी उभे होते. तो सूर विरून जाईपर्यंत ते हात छातीशी धरून ऐकत राहिले, आणि नंतर त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला पेट्रोलच्या दाबाबद्दल सगळं समजावून सांगितलं.

सोमवारी दुपारी मामांनी नेहमीसारखा चहा केला. भाची कप घेऊन दाराकडे निघाली. मामा म्हणाले, “थांब जरा. आणखी काही आहे का, मला न सांगितलेलं?”

भाची थांबली. तिने हातातल्या कपाकडे पाहिलं, मग दाराशी असलेल्या डब्यातल्या पिवळ्या झाडाकडे पाहिलं. फ्यूज खो खो हसत सुटला.

मामा दोघांकडे बघत राहिले. मग झाडाकडे, मग मुंग्यांच्या रांगेकडे, आणि सावकाश त्यांच्या तोंडाचा आ झाला. “रोज झाडाला?”

“पहिल्या दिवसापासून,” भाची म्हणाली. “मामा, चहा नसतो तो, पाक असतो.”

मामांनी तिच्या हातातून कप घेतला, मोरीत ओतला आणि नवीन आधण ठेवलं. या वेळी साखर चिमटीने घातली. कप तिच्यापुढे टेबलावर ठेवून, हात मागे बांधून, निकालाची वाट बघत उभे राहिले.

भाचीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “छे. आता अगदीच पांचट झाला.”

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली होती, पुष्कळ लोकांनी त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं होतं, आणि घरी येताना मामांना अगदी एकटं वाटलं होतं. आज त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी कपाला टिचकी मारली आणि साखरेचा डबा पुन्हा उघडला.